डांबर संपलं, की गाडी थांबवा

पाऊस सुरू झाला आहे. रेनकोट माळ्यावरून खाली आला असेल, चेनला तेल घालून झालं असेल. ग्रुपवर कुणीतरी एक फोटोही टाकला असेल. दाट झाडीत काळ्या दगडाचं पडकं देऊळ, शिखरावर उंबर उगवलेला, आणि समोर चिखलात उभी असलेली मोटारसायकल. खाली एकच ओळ : ‘रविवारी जायचं का?’

जा. जरूर जा. तुम्हाला अडवायला हे लिहीत नाही. रतनवाडीचा अमृतेश्वर पावसात पाहावा, अंजनेरीच्या पायथ्याची यादवकालीन देवळं ढगात हरवलेली पाहावीत, गोव्यात तांबडी सुर्ल्याच्या महादेवासमोर ओढ्याचा आवाज ऐकत बसावं. मी स्वतः ही सगळी ठिकाणं मोटारसायकलवर पाहिली आहेत. वीस-बावीस वर्षं रानातली देवळं आणि वीरगळ पाहत हिंडतो आहे. त्या हिंडण्यातून एकच मागणं घेऊन तुमच्याकडे आलो आहे.

डांबर संपलं, की गाडी थांबवा. शेवटच्या घराच्या अंगणात लावा. पुढचं चालत जा.

एवढंच. पण या रविवारपासून. पुढच्या वर्षापासून नको.

घाटातल्या वळणांची भीती सगळ्यांना असते, म्हणून तिथं माणूस जपून चालवतो. खरा घात होतो तो शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये. प्रवास संपला असं वाटतं, देऊळ ‘इथंच पुढे’ असतं, आणि लाल मातीची वाट सुरू होते. वर ओला पालापाचोळा, खाली शेवाळलेला दगड. तिथं पुढचा ब्रेक दाबला की चाक हातातून निसटतं. शिवाय मध्ये एखादा ओढा असतोच, आणि त्यावर कठडा नसलेली सिमेंटची फरशी.

त्या फरशीबद्दल नीट ऐका. ओढ्याला पाणी येतं ते वर डोंगरात पडलेल्या पावसाचं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, वर कड्यावर ढग फुटलेला असतो. सकाळी दहाला घोट्याएवढं पाणी ओलांडून तुम्ही हसत जाता. दुपारी चारला परत येता, तेव्हा तीच फरशी दिसतसुद्धा नाही. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. फरशीचा एखादा तुकडा वाहून गेला असेल, तर तेही कळत नाही. गाडी जड असली तरी ती उभी असते दोन चाकांवर, आणि पाण्याचा लोंढा आडवा येतो. गाडी कलंडते. हप्ते चालू असलेली गाडी माणसाला सोडवत नाही. तो हँडल धरून ठेवतो. आणि गाडीबरोबर जातो.

मीही असा एकदा हँडल धरून ठेवला होता. पलीकडून एक म्हातारा ओरडला, ‘सोड तिला, आधी तू ये!’ त्या आवाजाने माझे हात सुटले. गाडी दोन दिवसांनी खाली झुडपांत सापडली. म्हातारा त्या दिवशी गुरं घेऊन तिथं आला नसता तर काय झालं असतं, हे मी अजून घरात कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

म्हणून सांगतो. फरशीवर पाणी असेल तर थांबा. कितीही कमी वाटलं तरी थांबा. एखाद्या टपरीत बसा, चहा घ्या, पाणी उतरू द्या. उतरलं नाही तर गावात राहा. पावसात अडकलेल्याला आपल्याकडे कुणी दारातून परत पाठवत नाही.

आणि जुन्या, गंजलेल्या पुलांवर गाड्या घालू नका. १५ जून २०२५ चा रविवार आठवा. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांच्या आणि दुचाक्यांच्या भाराने कोसळला. चौघं गेले. पाऊस पाहायला म्हणून घराबाहेर पडलेली माणसं होती ती. तुमच्या-माझ्यासारखी.

आता घराचा विचार करा. तुम्ही निघताना आई काय म्हणते? ‘पोहोचलास की फोन कर.’ त्या रानात रेंज नसते. तुम्ही दरीत पडलात तरी तिला रात्रीपर्यंत वाटत राहतं, फोन लागत नसेल. रात्री दहानंतर ती मित्रांच्या घरी फोन लावू लागते. अकरा वाजता कुणाला तरी कळतं, की तुम्ही नक्की कुठल्या देवळाला गेलात हेच कुणाला माहीत नाही. तुमच्यापर्यंत कुणी पोहोचण्याआधी तुमचे सगळ्यात मोलाचे तास निघून गेलेले असतात.

हे टाळणं तुमच्याच हातात आहे, आणि फार सोपं आहे. निघताना गावाचं नाव कागदावर लिहून फ्रिजवर लावा. गावात गाडी लावताना सांगा, ‘आम्ही चौघं देवळाकडे जातोय, तीनपर्यंत परत येतो.’ पोलीस पाटील भेटले तर त्यांच्या कानावर घाला. अंगणात उभी असलेली तुमची गाडी हाच तुमचा निरोप असतो. अंधार पडला आणि गाडी तिथंच असली, की त्या घरची माणसं कंदील घेऊन तुम्हाला शोधायला निघतात. झुडपांत पडलेली गाडी कुणालाच काही सांगत नाही.

शोधायला निघतात ती कोण माणसं असतात, तेही लक्षात घ्या. जुलै म्हणजे भाताच्या आवणीचे दिवस. चिखलात गुडघाभर उभं राहून दिवसभर रोपं लावायची आणि पाऊस आहे तोवर शेत उरकायचं. अशा दिवशी ‘पोरं पडली’ अशी हाक येते. चार माणसं आवणी सोडून धावतात. घोंगडीची झोळी करतात, बांबूला बांधतात, आणि अनोळखी शहरी मुलाला खांद्यावरून डोंगर उतरवतात. मजुरी बुडते, कधी कधी पावसाचा तो दिवसही हातचा जातो. कुणी पैसे मागत नाही. या माणसांवर ही वेळ आणू नका. तुम्ही आणणार नाही, याची मला खात्री आहे. त्यांचा विचार तुमच्यापर्यंत आजवर कुणी पोहोचवला नव्हता, एवढंच.

हेल्मेटचं वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्त्यावरच्या अपघातांत गेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेली बहीण, मागे बसलेला वर्गमित्र. ‘आता कच्चाच रस्ता आहे, हळूच जायचंय’ म्हणून हेल्मेट आरशाला अडकवू नका. मागच्याच्या डोक्यावर आधी घाला, मग किल्ली फिरवा.

आता त्या देवळाचं. आजवर ज्या बाबतीत आपण सगळ्यात जास्त गाफील राहिलो, ती ही गोष्ट.

चिखलात गाडीचं साइड स्टँड रुततं. मग आपण काय करतो? आजूबाजूला पाहतो, एखादा चपटा दगड ओढतो आणि स्टँडखाली सरकवतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तो दगड वीरगळ होता. गाडी काढल्यावर मी तो नीट पाहिला. खालच्या चौकटीत गाई होत्या आणि ढालतलवार घेतलेला माणूस. मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावाच्या गाई राखताना मेलेल्या कुणाची तरी ती आठवण. चंद्र-सूर्य आहेत तोवर हा विसरला जाणार नाही, असं सांगायला ते कोरलेले असतात. त्या कोरलेल्या माणसाच्या तोंडावर स्टँडच्या टोकाची ताजी पांढरी खोक पडली होती. गाडी ज्याची होती तो मुलगा रडवेला झाला. ‘मला माहीतच नव्हतं हो,’ म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

आता तुम्हाला माहीत आहे. स्टँडखाली घालायला घरून लाकडाची एक फळी घेऊन निघा. रानातला कुठलाही दगड हलवू नका. साधा दिसला तरी नको. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. मराठीतला आद्य शिलालेख मानला जातो तो. तो दगडही कित्येक वर्षं रस्त्याकडेला उन्हापावसात उभा होता. शेजारून माणसं जात होती. कुणी तो उचलून बांधाला लावला असता, तर आपल्या भाषेच्या जन्मखुणांतली एक खूण त्या बांधात गेली असती.

पडक्या देवळाभोवती पसरलेले दगडही राडारोडा नसतात. मध्य प्रदेशात मुरैनाजवळ बटेश्वरला दोनशेच्या आसपास देवळं कोसळून दगडांचे ढीग होऊन पडली होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००५ पासून एकेक दगड जुळवत त्यांतली कित्येक पुन्हा उभी केली. हे जमलं, कारण दगड पडले तिथंच पडून राहिले होते. आपल्या सह्याद्रीतली देवळंही अशीच चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून रचलेली आहेत. आज ढीग दिसतो तिथं उद्या देऊळ उभं राहू शकतं. त्या ढिगावर गाडी चढवून फोटो काढला, दोन खांब फुटले, एक तुळई घरंगळली, की ती शक्यता कायमची जाते.

केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण रानातली बहुतेक देवळं कुठल्याच यादीत नाहीत. तिथं पहारेकरी नाही, तारेचं कुंपण नाही, साधी पाटीही नाही. तिथं पोहोचणारे तुम्हीच आहात. राखणारेही तुम्हीच व्हा.

चाकोरी हा आपला शब्द किती नेमका आहे पाहा. चाकांनी पडलेली वाट. तुमच्या पाच गाड्या पायवाटेने देवळापर्यंत गेल्या, की चाकोरी पडते. त्या चाकोरीत पावसाचं पाणी वाहू लागतं, माती खरडून नेतं, दर पावसात ती खोल होते. पाणी जोत्याच्या कडेने वळलं, की हजार वर्षं टिकलेली भिंत कलते. आणि पावसाळा सरला, की त्याच चाकोरीने दुसरे लोक येतात. गुप्तधनासाठी गाभारा खोदणारे. मूर्ती उचलून नेणारे. पायवाटेने मूर्ती खांद्यावर न्यावी लागते. चाकोरी असली की गाडी थेट गाभाऱ्याला लागते. म्हणून त्यांना वाट करून देऊ नका. मूर्तीचा फोटो लावताना ठिकाणाची खूण जोडू नका. नव्याने काही दिसलं, तर आधी ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना कळवा, मग मित्रांना दाखवा.

मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर गाडी नक्कीच लांब लावावी. काजव्यांची नर-मादी एकमेकांना उजेडाने साद घालतात. तुमच्या हेडलाइटमध्ये ती साद विझते. त्यांच्या अळ्या जमिनीवर असतात, चाकाखाली येतात. दिवे बंद करा, गाडी मागे ठेवा, अंधारात चाला.

चालत गेलात की आणखी एक गोष्ट होते. गावातलं कुणीतरी तुमच्याबरोबर येतं. त्याला आधीच बोलवा, आणि त्याच्या दिवसाचा मोबदला न विसरता द्या. शिखराखाली आग्या मोहोळ कुठे लागलंय, ते त्याला ठाऊक असतं. तिथं धूर करायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही, उग्र अत्तर लावून जायचं नाही, हे तो सांगेल. कुठल्या फटीत फुरसं बसतं, तेही तो दाखवेल. फटीत हात घालू नका, दगडावर बसण्याआधी काठी आपटा. तरीही साप चावलाच, तर चिरू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. तो भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

वाटेत दुसरं कुणी पडलेलं दिसलं, तर थांबा. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

प्रत्येक ग्रुपमध्ये एकाला तरी तोंड उघडावं लागतं. बाकीचे गाडी पुढे दामटत असताना ‘बस, इथून चालत’ असं म्हणावं लागतं. पहिल्यांदा हसतील. दुसऱ्या वेळी थांबतील. तो एक तुम्ही व्हा. आणि तुम्ही गाडी चालवत नसाल, तुमचा मुलगा किंवा मुलगी चालवत असेल, तर आज रात्री जेवताना हे वाचून दाखवा. रागावू नका. फक्त विचारा, ‘गाडी कुठे लावणार आहेस?’

या रविवारी तुम्ही निघालच. धुक्यात शेवटची वाडी लागेल. कौलातून धूर येत असेल, एखादं कुत्रं भुंकेल, पुढे लाल वाट रानात शिरलेली दिसेल. डांबर तिथं संपेल. तिथंच किल्ली फिरवा, उतरा, आणि त्या घराच्या दारात हाक द्या.