भ्रमणध्वनीवरील रोजनिशी आणि प्रवासवर्णनाची मूळ संहिता

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना मराठी समीक्षेने लेखकाची दृष्टी, निवेदन आणि भाषा यांची पुष्कळ चर्चा केली. वाटेवरची नोंद कोणत्या साधनाने झाली, या प्रश्नाकडे मात्र तिचे फारसे लक्ष गेलेले नाही. नर्मदा परिक्रमेवरील लेखनाने हा प्रश्न आता पुढे आणला आहे.

अमरकंटकपासून भडोचजवळच्या सागरसंगमापर्यंत सुमारे १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला, तिचे पात्र न ओलांडता, प्रदक्षिणा घालावयाची असते. पायी चालणाऱ्याला त्यासाठी कित्येक महिने लागतात. पूर्वी परिक्रमावासीच्या झोळीत वही असे. आज मुक्कामी पोहोचताच अनेकांचा मोबाइल विजेला लागतो आणि दिवसाची हकिकत त्यावर टंकित होते, वा नुसती बोलून उतरविली जाते. अशा लेखनाला उथळ ठरविणे सोपे आहे. परंतु साधन बदलले म्हणून अनुभव उणावतो, हा आक्षेप टिकणारा नाही. उलट दिनांक, वेळ आणि छायाचित्र यांसह झालेली नोंद स्मृतीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरू शकते.

खरी चिंता मूळ संहितेची आहे. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत केलेला प्रवास सुमारे पाव शतकानंतर आठवणीतून लिहिला. 'माझा प्रवास' या नावाने तो १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी संस्कार करून प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखित जपले गेले, म्हणूनच १९६६ मध्ये द. वा. पोतदारांना मूळ संहितेची आवृत्ती सिद्ध करता आली आणि गोडसे यांचा शब्द कोणता, संपादकाचा कोणता, हे अभ्यासकांना पडताळता आले.

मोबाइलवरील रोजनिशीबाबत ही पडताळणी अवघड होते. दुरुस्ती करताना आधीचा शब्द खूण न ठेवता पुसला जातो. बोलीतील रूपाच्या जागी यंत्राने सुचविलेले प्रमाणरूप येऊन बसते. यंत्र बदलले की नोंदीही पुष्कळदा नाहीशा होतात. उरते ते केवळ छापील पुस्तक.

ही हानी केवळ भाषेची नाही. सरदार सरोवराच्या जलाशयात जुने शूलपाणेश्वर मंदिर आणि काठावरची कित्येक गावे बुडाली. परिक्रमेची वाट वर सरकली. बदलत्या वाटेची, वाटेवरच्या अन्नदात्यांची आणि त्यांच्या बोलीची साक्ष या दैनंदिन नोंदींतच सापडणार आहे.

म्हणून परिक्रमावासीयांनी दररोजच्या नोंदीची एक प्रत दुरुस्ती न करता निराळी राखावी आणि विद्यापीठीय मराठी विभागांनी, लेखकांच्या संमतीने, अशा प्रती छापील ग्रंथाबरोबर जतन कराव्यात. हस्तलिखितांना जो मान दिला जातो, तो या नोंदींनाही मिळावयास हवा. अन्यथा उद्याच्या संशोधकाला प्रवासवर्णन मिळेल, पण ते कशातून घडले हे कधीच कळणार नाही.