सामना बाराला संपला, अण्णांचा पेपर आधीच निघाला होता

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. झिरकपूरला सकाळी साडेसहाच्या सुमारास पेपरवाल्या पोराने खालूनच रबर लावलेली गुंडाळी आमच्या गॅलरीत फेकली. पहिल्या पानभर आपल्या मुलींचा विश्वविजय. अमनजोत इथल्या मोहालीची, हरमनप्रीत मोग्याची, त्यामुळे शेजारचे सरदारजी रात्रीपासूनच खुशीत होते. चहा संपायच्या आत गावाहून अण्णांचा फोन आला.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. सांगलीची स्मृती मानधना अण्णांच्या लेखी घरचीच मुलगी. मला वाटलं, आनंदाने फोन केला असेल.

“जिंकलो ते कळलं रे,” अण्णा म्हणाले. “पण पेपरात नाही. आपल्या २९८ झाल्या, एवढंच आहे. कात्रण कशाचं ठेवू?”

अण्णांची एक पत्र्याची पेटी आहे. १९८३ पासूनची क्रिकेटची कात्रणं त्यात आहेत. दोन्ही घरं बदलताना भांडी राहिली, पण पेटी राहिली नाही.

चूक कोणाची म्हणाल, तर त्या रात्री कोणाचीच नाही. नवी मुंबईत पाऊस झाला आणि तीनला सुरू व्हायचा सामना पाचला सुरू झाला. शफाली वर्मा ८७, स्मृती ४५, दोघींची १०४ धावांची सलामी, पुढे दीप्ती शर्माच्या ५८. आफ्रिकेचा डाव सुरू झाला तेव्हा गावाकडे जेवणं उरकून अंथरुणं पडली होती. लॉरा वोल्वार्टने शतक काढलं. अमनजोतने तिचा झेल हातातून दोनदा निसटता निसटता पकडला. दीप्तीने पाच बळी घेतले आणि ५२ धावांनी आपण जिंकलो तेव्हा मध्यरात्र झाली होती.

तोवर अण्णांचा पेपर छापून झाला होता. दैनिकाच्या एका रात्रीत अनेक आवृत्त्या निघतात. लांबच्या तालुक्यांची डाक आवृत्ती आधी छापतात, शहराची सगळ्यात शेवटी. पान सोडलं की प्लेट बनते, छपाई होते, गठ्ठे बांधले जातात, गाडी निघते. तासगावात उतरलेला गठ्ठा पहिल्या एसटीला मिळाला नाही, तर आमच्या गावाला त्या दिवशी पेपर नाही. म्हणजे जो वाचक सगळ्यात लांब, त्याचं पान सगळ्यात आधी बंद होतं.

फौजी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या चौकीवर असताना आमचे पेपर रेशनच्या गाडीबरोबर यायचे, चार-पाच दिवसांचे एकदम. कॉन्व्हॉय ठरल्या वेळी निघायचा, कोणाची चिठ्ठी राहिली म्हणून थांबायचा नाही. तेव्हा “सामना संपेपर्यंत छपाई थांबवा” असं मी म्हणणार नाही. एका निकालासाठी तासभर थांबून अख्ख्या तालुक्याचा पेपर चुकवणं शहाणपणाचं नाही.

पण खेळ दिवसेंदिवस उशिराच संपणार, हेही धरून चाला. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो. वेळेवर झाला तरी अकरा वाजून जातात. २०२३ चा अंतिम सामना पावसाने राखीव दिवसावर गेला आणि जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. १ जून २०२५ ला पंजाब आणि मुंबई अहमदाबादला भिडले, तेव्हाही पावसाने दोन तास खाल्ले. मी मुंबईचा, सगळी सोसायटी पंजाबची. शेवटी पंजाबला जिंकून दिलं मुंबईच्या श्रेयस अय्यरने, ४१ चेंडूंत नाबाद ८७ करून. आणि ज्याला त्याने एका षटकात चार षटकार मारले तो मुंबईचा गोलंदाज अश्वनी कुमार इथल्याच मोहाली जिल्ह्यातल्या झंजेरीचा. एवढी मजेदार गोष्ट, पण गावच्या पेपरात ती कुठून येणार?

माझी तक्रार सोमवारच्या पेपरबद्दल नाहीच, मंगळवारच्या पेपरबद्दल आहे. मंगळवारी अण्णांनी पुन्हा पेपर उघडला. जल्लोषाचे फोटो, बक्षिसाचे आकडे, मान्यवरांची अभिनंदनं, सगळं होतं. आफ्रिकेचा डाव कसा गेला ते नव्हतं. पूर्ण धावफलकही नव्हता. शहराच्या अंकात तो सोमवारीच येऊन गेला होता, म्हणून पेपरच्या लेखी ती बातमी शिळी. अण्णांच्या पेपरात मात्र ती कधी छापलीच गेली नाही. किंमत तीच, पण भारताने विश्वचषक जिंकला तो अर्धा सामना गायब.

माझी पहिली मागणी साधी आहे. डाक आवृत्तीत सामना अर्धवट राहिला, तर दुसऱ्या दिवशी त्याच आवृत्तीत पूर्ण धावफलक आणि उरलेल्या डावाचं वर्णन छापा. पाव पान पुरेल.

दुसरी मागणी : बातमीवर वेळ घाला. आमच्याकडे कोणताही सिटरेप वेळेशिवाय जात नाही. “२२०० वाजता परिस्थिती अशी” असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, पुढचं अजून यायचं आहे. वर्तमानपत्रांना ही शिस्त परकी नाही. टिळक-आगरकरांचा ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ ला पुण्यात निघाला. इथे चंडीगडला छापला जाणारा ‘ट्रिब्यून’ त्याच वर्षी २ फेब्रुवारीला लाहोरला सुरू झाला. तेव्हापासून बातमीच्या डोक्यावर गाव आणि तारीख घालतच आले आहेत. आता त्यापुढे तास घाला : “हे पान रात्री दहाला छपाईला गेले.” त्यात लाज कसली?

लाज अंदाज छापण्यात आहे. १९४८ साली अमेरिकेत ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चे जुळारी संपावर होते, म्हणून पानं नेहमीपेक्षा लवकर सोडावी लागली. पेपरने ड्युई जिंकल्याचं छापून टाकलं. जिंकले ट्रुमन, आणि तोच अंक हातात उंच धरून हसतानाचा त्यांचा फोटो जगभर गेला. अर्धी पण खरी बातमी त्यापेक्षा केव्हाही बरी.

आमच्या युनिटमधली तरुण पोरं म्हणतात, “सर, स्कोअर मोबाइलवर मिळतो, पेपर कोण बघतं?” मिळतो, कबूल. पण मोबाइलवरचा स्कोअर पेटीत ठेवता येत नाही. आणि ज्या चौक्यांवर मी राहिलो, तिथे मोबाइलला रेंज नव्हती. तिथे पाच दिवसांचा शिळा पेपरही आम्ही तारखेप्रमाणे लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आहे. शिळेपणाचं आम्हाला काही वाटलं नाही. एखाद्या तारखेचा अंक गहाळ असला की मात्र चिडचिड व्हायची.

मी झिरकपूरचा तो हिंदी अंक स्पीड पोस्टने अण्णांना पाठवला. दिवाळीनंतरच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा पेटीत तो होता. त्याच्याखाली सोमवारचं मराठी कात्रणही होतं. अर्धवट बातमीच्या खाली अण्णांनी निळ्या पेनाने लिहून ठेवलं होतं : “आफ्रिका सर्वबाद २४६. भारत ५२ धावांनी विजयी. रात्री १२.”

वेळेसकट. हे काम मंगळवारच्या पेपरचं होतं.