बाबा, तुम्ही काय दाबलंत?

शनिवार सकाळ. साडेआठ. आठवडाभर प्रॉडक्शनच्या नावाने बोंबाबोंब करून झालेली, आता दहापर्यंत लोळायचं असा साधासरळ बेत. आणि फोन वाजतो.

"झोपला होतास का? काही नाही रे, ते बँकेचं उघडत नाहीये. सवड झाली की बघ."

आयटीतल्या प्रत्येकाला हा फोन ओळखीचा असणार. आपण आयटीत, म्हणजे प्रिंटरपासून सेट टॉप बॉक्सपर्यंत सगळ्याचे फॅमिली डॉक्टर. आत्या, काका, मावशीचे मिस्टर, सगळ्यांचा पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतचा सपोर्ट एकटा मीच. ऑन-कॉल भत्ता म्हणाल तर दिवाळीला डबाभर चकल्या.

या फोनांचे किस्से हा आमच्या कँटीनमधला हक्काचा विषय. कुणाच्या आईने पासवर्ड फ्रीजवर चिकटवला, कुणाच्या सासऱ्यांनी ओटीपी आला की "धन्यवाद" असं उत्तर पाठवलं. मीही खो खो हसायचो. गेल्या महिन्यापासून मात्र हसू येईनासं झालंय. का, ते सांगतो.

बाबांनी विजेचं बिल यूपीआयने भरायला घेतलं. स्क्रीनवर गोल फिरत राहिलं आणि मग इंग्रजीत संदेश आला, 'समथिंग वेंट राँग. प्लीज ट्राय अगेन.' बाबा आज्ञाधारक माणूस. ट्राय अगेन म्हटलंय तर केलं ट्राय अगेन. खात्यातून दोनदा पैसे गेले आणि बिल मात्र थकितच दिसत राहिलं.

त्यांनी मला फोन केला नाही. आधीच्या शनिवारी मी त्यांच्यावर खेकसलो होतो ना! मग त्यांनी नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर जो दिसला तो लावला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा, वर मराठी. म्हणाला, काका काळजी करू नका, एक छोटं अ‍ॅप टाका, म्हणजे तुमची स्क्रीन मला दिसेल, मी लगेच पैसे परत मिळवून देतो.

बाबांनी अ‍ॅप टाकायला घेतलं आणि फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. शुभ सकाळच्या गुलाबांनी फोन गच्च भरलेला! कुठला गुलाब ठेवू आणि कुठला काढू, असं करत बाबा बसले, तेवढ्यात आई बाजारातून आली आणि तिने फोनच बंद करून टाकला. निवृत्तीनंतर मिळालेली सगळी पुंजी त्याच खात्यात होती.

आयुष्यभर ज्या गुलाबांना नावं ठेवली, त्यांनी आमचं घर वाचवलं.

आता माझा पराक्रम ऐका. हे सगळं कळल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "बाबा, तुम्ही काय दाबलंत?" आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझंच चुकलं रे. मला या वयात जमायचं नाही हे."

नाही. बाबांचं काहीही चुकलेलं नाही. चुकलंय ते माझ्यासारख्यांचं.

बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३२ वर्षं काढली. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कुठे बिघडलंय ते सांगायचे. गाडी बंद पडून आत आली असताना त्यांनी ड्रायव्हरला "काहीतरी बिघडलंय, पुन्हा चालवून बघ" असं सांगितलं असतं तर? दुसऱ्या दिवशी हातात मेमो पडला असता. आणि आपण तेच वाक्य रोज लाखो लोकांच्या तोंडावर फेकतो, तेही त्यांना न येणाऱ्या भाषेत, आणि त्याला एरर हँडलिंग म्हणतो.

दोनदा पैसे कापले जाणं ही काही दैवी आपत्ती नव्हे. प्रत्येक व्यवहाराला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक सर्व्हरकडे पुन्हा आला तर व्यवहार दुसऱ्यांदा न करता पहिल्याचंच उत्तर परत पाठवायचं. बस्स. आपल्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, मुलाखतीत विचारतातसुद्धा. मुलाखतीत आपण ते फळ्यावर लिहून दाखवतो, कोडमध्ये लिहायला स्प्रिंटमध्ये वेळ नसतो.

बरं, पैसे अडकले तर नियम आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढलं. यूपीआयने कुणा दुकानदाराला पैसे दिले, खात्यातून गेले, पण तिकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. इतका स्वच्छ नियम! स्क्रीनवर दोन ओळी मराठीत असत्या, 'पैसे अडकले आहेत, पाच दिवसांत परत येतील, पुन्हा भरू नका,' तर बाबांनी कुणालाच फोन केला नसता. (चौथ्या दिवशी एक रक्कम परत आली आणि दुसरी बिलात जमा झाली.) म्हणजे त्या भामट्याला गिऱ्हाईक कुणी पाठवलं? आपल्याच त्या मोघम संदेशाने.

आत्याचं वेगळंच. नवा फोन घेतला आणि यूपीआय काही केल्या सुरू होईना. 'व्हेरिफिकेशन फेल्ड', एवढंच. मी दोन तास घातले. भानगड काय, तर यूपीआय सुरू करताना नंबर तुमचाच आहे हे पडताळायला अ‍ॅप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं. आत्याच्या स्वस्तातल्या रिचार्जमध्ये एसएमएस नव्हतेच. 'तुमच्या फोनवरून एसएमएस गेला नाही' एवढं सांगायला काय जात होतं? तोवर आत्या सगळ्या सोसायटीत सांगून आली होती, "मी काहीतरी भलतंच दाबलं."

आता काही जण म्हणतील, लोकांनी शिकायला नको का? अहो, शिकतात! बाबांची एक वही आहे. तिच्यात पेन्सिलीने चित्रं काढून एकेक पायरी लिहिलेली आहे. 'वर डाव्या बाजूला ३ रेघा, त्या दाबणे. मग चौथी ओळ.' एका रात्रीत अपडेट येतं आणि तीन रेघा गायब. बाबा पानावर काट मारतात आणि नवं पान सुरू करतात. अशी तीन पानं बाद झालीत. वर्कशॉपमध्ये दर दोन महिन्यांनी ब्रेकची जागा बदलली असती, तर आपण ड्रायव्हरला अडाणी म्हटलं असतं का?

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. म्हणे हा त्रास तुमच्याच भल्यासाठी. काही त्रास खरंच भल्यासाठी असतो, ओटीपीला माझी ना नाही. पण दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं? अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल, तर ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये. आपण अजून लावतोय, आणि मग फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठीला हसतोय. सुरक्षा अशीही असते की रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितल्या. खरी बँक ओळखायची एक सोपी खूण लोकांना मिळाली, आणि त्यासाठी त्यांना वहीत नवं पान लिहावं लागलं नाही.

आणि सगळ्यात वाईट भाग तर मी करत आलोय. दर शनिवारी मी फोनवर काय सांगतो? "बाबा, आलेला आकडा वाचा. आता हे अ‍ॅप टाका. आता स्क्रीन शेअर करा. हो म्हणा, हो म्हणा, विचार करू नका." म्हणजे तो भामटा जे सांगतो, अगदी तेच! वर्षानुवर्षं मीच त्यांना तालीम दिली, की फोनवरचा माणूस आत्मविश्वासाने बोलत असेल तर तो सांगेल ते दाबायचं.

एक कबुलीही देऊन टाकतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या टीमकडे एक तक्रार आली होती. एका वयस्कर बाईंना फॉर्म भरायला वेळ लागायचा आणि ९० सेकंदांत सगळं पुसलं जायचं. मी ती तक्रार 'यूजर एरर' म्हणून बंद केली. दोन मिनिटांचं काम, शुक्रवार संध्याकाळ होती. त्या बाईंनी मग कुणाला फोन लावला असेल? मुलाला? की नेटवर शोधून सापडलेल्या नंबराला?

असो. उपदेश करायची माझी लायकी नाही, पण विनंती करतो. पुढच्या वेळी 'यूजर एरर' निवडण्याआधी तोच व्यवहार भरलेल्या स्टोरेजच्या सात हजारांच्या फोनवर एकदा करून बघा. पैशाचं काही अडलं, तर पैसे कुठे आहेत ते त्या माणसाच्या भाषेत सांगा. आणि खरा मदतीचा नंबर त्याच स्क्रीनवर द्या, जो माणूस उचलेल. त्याला शोधायला पाठवू नका.

मी पुढच्या शनिवारी गावी जातोय. बाबांची वही बघायचीय, दुरुस्त करायला नव्हे. कुठल्या पानावर काट पडली आणि का, ते लिहून आणायचंय, आणि सोमवारी टीमसमोर ठेवायचंय. आणि हो, त्या गुलाबांना मी हात लावणार नाही.