नागद्वारच्या पावसात कॅमेरा कोणता न्यावा?



नागपूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "गेल्या श्रावणात सासूबाईंसोबत नागद्वारला गेले होते. वाटेत मोबाइलमध्ये पाणी शिरलं नि सगळं चित्रण गेलं. सासूबाईंनी सत्तरी गाठलीय. यंदा पुन्हा यायचं म्हणतात, पण पुढच्या वर्षी जमेलच असं नाही. पावसात टिकेल असा व्हिडिओ कॅमेरा कोणता घेऊ?"

प्रश्न कॅमेऱ्याचा असला, तरी जीव कशात अडकला आहे ते कळतंच. म्हणून नीट विचार करून घेऊ या.

पचमढीच्या डोंगरातली ही यात्रा ऐन पावसात, नागपंचमीच्या सुमारास असते. निसरडी वाट, लोखंडी शिड्या, धुके आणि अंगावर सतत धार. तेव्हा दुकानदाराने "वॉटरप्रूफ आहे, ताई" म्हटले की लगेच पैसे काढू नका. आयपी हा आकडा विचारा. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा अंक ४ असेल तर नुसते शिंतोडे चालतील. ७ असेल तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटे, आणि ८ असेल तर त्याहून अधिक. किती, ते बनवणारा सांगतो. यात्रेसाठी ७ च्या खाली जाऊ नका.

आता प्रकार पाहू. लग्नात दिसतो तो हँडीकॅम लांबचे शिखर जवळ आणतो, पण बहुतेकांना पाऊस सोसत नाही. मोबाइल आयपी ६८ चा असला, तरी ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही. शिवाय पाण्याने बिघडला तर गॅरंटीत बहुधा बसत नाही. उरला तो मुठीत मावणारा ॲक्शन कॅमेरा. गोप्रो हिरोची अलीकडची बरीच मॉडेल्स वेगळ्या डब्याशिवाय १० मीटर पाण्यात चालतात, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ तर १८ मीटरपर्यंत. तुमच्या कामाला हाच बरा. मागच्या सालचे मॉडेल घेतले तरी काही बिघडत नाही. चार पैसे वाचतात. याची भिंग मात्र रुंद असते, लांबचे माणूस मुंगीएवढे दिसते. म्हणून सासूबाईंना चार-पाच हातांवरूनच टिपा.

खरी गोष्ट आहे झाकणाची. बॅटरीच्या झाकणाला बारीक रबर असते, अगदी कुकरच्या रिंगसारखे. त्यात एक केस किंवा वाळूचा कण अडकला की शिट्टी तिथूनच जायची! निघण्यापूर्वी रबर कोरड्या फडक्याने पुसा, झाकण खटकन लागल्याची खात्री करा आणि कॅमेरा बादलीभर पाण्यात १० मिनिटे बुडवून पाहा. आतून भिंगावर वाफ दिसली तर लगेच दुकानात परत न्या. चालता चालता पॉवर बँक लावू नका; त्यासाठी झाकण उघडावे लागते. जादा बॅटऱ्या दोन ठेवा, त्याही झिपच्या पिशवीत, आणि राहुटीत शिरल्यावर हात पुसूनच बदला.

मेमरी कार्डावर 'व्ही ३०' लिहिलेले पाहा. म्हणजे दर सेकंदाला निदान ३० एमबी लिहिण्याची त्याची क्षमता. फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटने केले तर तासाला ४५ जीबी जागा खाते. घरच्या टीव्हीवर पाहायला फुल एचडी पुष्कळ झाले. कार्डे दोन घ्या, म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत नकोत.

घरी आल्यावर आधी बाहेरून पुसा, मगच झाकण उघडा. पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. तांदळाच्या डब्यात तर मुळीच घालू नका. पीठ आत जाते. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकता ना? त्या जपून ठेवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेऱ्याशेजारी टाका, नाहीतर पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. आणि आपला नवतपा विसरू नका: तापलेल्या गाडीत कॅमेरा ठेवलात तर बॅटरीचे आयुष्य संपलेच समजा.

शेवटी एक सांगते, बरं का. शिडीवर कॅमेरा हातात नकोच. छातीच्या पट्ट्याला लावा नाहीतर बंद करून खिशात टाका. एक हात शिडीला, दुसरा सासूबाईंना. चित्रण करा ते विसाव्याच्या दगडावर. चहाचा पेला त्यांच्या हातात द्या, कॅमेऱ्यातले माइकचे भोक पुसा आणि विचारा, "आई, तुम्ही पहिल्यांदा कधी आला होता इथे?" मग गप्प बसून त्यांना बोलू द्या. डोंगर दरवर्षी तिथेच असतो. तो आवाज मात्र टिपून ठेवायला हवा.