एसएमडी मशीन घेताना

"दुकान टाकायचंय, मशीन कुठली घेऊ?" हा प्रश्न आमच्या नात्यागोत्यात इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं. विचारणारा कधी जिंतूरचा असतो, कधी सेलूचा, कधी गंगाखेडचा. आयटीआय झालेलं असतं किंवा मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केलेला असतो. हातात असते ती घरच्यांनी सोयाबीनच्या पैशातून बाजूला काढून दिलेली रक्कम. आणि मोबाईलच्या स्क्रीनवर एका मशीनचा फोटो. एकाच डब्यात शोल्डरिंगही आणि गरम हवाही, समोर दोन डिजिटल आकडे, किंमत आवाक्यात. "मामा, हीच घेऊन टाकू का?"

माझं मत विचाराल तर नको. दोन्ही वेगवेगळं घ्यावं, आणि आधी इस्त्रीच्या, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या बाजूला पैसे घालावेत. एसएमडी मशीन, म्हणजे गरम हवेची गन, दोन-तीन महिन्यांनी आली तरी चालेल. कारणं सांगतो.

पहिलं कारण वीज. जोडमशीनला दोन्हीकडची बटणं वेगळी असली तरी आतली मेन वायर, फ्यूज आणि बरंचसं सर्किट एकच असतं. ते बसलं की दोन्ही कामं बसली. शिवाय आपल्याकडे लाईट जाते हे काही नव्याने सांगायला नको. टी १२ जातीची आयर्न ७० वॅटच्या आसपास घेते, ती दुकानातल्या साध्या इन्व्हर्टरवर आरामात चालते. गरम हवेची गन ७०० ते १००० वॅटची. ती त्याच इन्व्हर्टरवर लावली तर इन्व्हर्टरच ओरडायला लागतो. म्हणजे लाईट नसताना तुमचं निम्मं दुकान चालू राहतं ते आयर्नच्या जिवावर. मग कमजोर आयर्न घेऊन कसं चालेल?

दुसरं म्हणजे तो डिस्प्लेवरचा आकडा. ३५० लिहिलंय म्हणजे जोडावर ३५० अंश आहेत असं समजू नका. जुन्या ६३/३७ कथील-शिशाच्या वायरला वितळायला १८३ अंश लागतात. युरोपात १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांतलं शिसं जवळजवळ बंद झालं आणि जगभरचे कारखाने बिनशिशाच्या डाखाकडे वळले. तो वितळतो २१७ ते २२० अंशांना. यात कुठेही ३५० नाही. मग एवढी उष्णता लागते कशाला? तर बोर्डातला तांब्याचा थर ती पिऊन टाकतो म्हणून. टीव्हीच्या किंवा पंपाच्या स्टार्टरच्या बोर्डावर जाड पट्टीला बिट टेकवली की स्वस्त आयर्नचा जीव जातो. आकडा तसाच असतो, पण डाख चिखलासारखा होऊन बसतो. मग पोरगं आकडा ४५० वर नेतं, आणि बोर्डाची पट्टीच उखडून येते. तेव्हा मशीन किती अंश दाखवते त्यापेक्षा गेलेली उष्णता ती किती लवकर भरून काढते हे बघा.

इथे बिटीची बनावट महत्त्वाची. जपानच्या हाक्कोचं ९३६ हे जुनं मॉडेल. कंपनीने ते कधीच बंद केलं, पण त्याच्या नकला अजून गल्लोगल्ली मिळतात. त्यात सिरॅमिकच्या हीटरवर पोकळ बिट टोपीसारखी चढवलेली असते. मधे हवेची फट राहतेच. टी १२ जातीत हीटर, तापमान मोजणारा सेन्सर आणि बिट सगळं एकाच कांडीत. त्यामुळे उष्णता पटकन पोचते. आणि हीटर गेला तर कांडी ओढून काढायची, दुसरी खोचायची. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना हे होतं. कांडी महाग पडते हे खरं. तरीही माझा कौल टी १२ ला. फक्त सोबत मिळणाऱ्या सुईसारख्या टोकदार बिटीवर समाधान मानू नका. टोक जितकं बारीक तितकी उष्णता कमी पोचते. एक छिन्नीच्या आकाराची आणि एक सुरीच्या आकाराची बिट त्याच दिवशी घ्या. रोजची बहुतेक कामं या दोघींवर निघतात.

आता गरम हवा. ज्यांनी लहानपणी दारावर कल्हईवाला पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. तो भाता कसा मारायचा? एकाच जागी धडाधड नाही. भांडं फिरवत, सगळीकडून सारखं तापवत, आणि नेमक्या वेळी नवसागराची चिमूट टाकून कथील फिरवायचा. गनचं कामही तेच. हवा गोल फिरवायची, आधी बोर्ड कोमट करायचा, आणि नवसागराच्या जागी फ्लक्स. ८५८डी नावाने मिळणाऱ्या स्वस्त गनमध्ये पंखा मुठीतच असतो. चार्जिंग पिन किंवा छोटी आयसी काढायला ती पुरते. पण जाड बोर्डावर, धातूच्या शील्डखाली तिचा दम संपतो. क्विक ८६१डीडब्ल्यू सारख्या १००० वॅटच्या मशीनमध्ये ब्लोअर खालच्या डब्यात असतो, हवा भरपूर आणि स्थिर येते. मात्र तिच्या पैशात साध्या गन तीन-चार येतील. म्हणून म्हणतो, पहिल्या दिवशी ती नको. कर्ज काढून तर नकोच. साधी गन घेऊन भंगारातल्या बोर्डांवर हात बसवा. रोज चार मोबाईल बोर्ड यायला लागले की मोठी घ्या, तिची किंमत तिनेच काढलेली असेल.

साध्या गनमध्ये एक गोष्ट मात्र उघडून बघितल्याशिवाय वापरू नये. काही नगांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असतं, म्हणजे बटण बंद तरी आत करंट. काहींत अर्थिंगची वायर गनच्या नळीपर्यंत पोचलेलीच नसते. त्यावर परदेशी प्लगला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलं की उरलंसुरलं अर्थिंगही संपलं. मशीन प्लग काढून उघडा, नीट जोडा, आपली तीन पिनांची वायर बसवा. आणि दुकानाचंच अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. बाजारपेठेतल्या जुन्या गाळ्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. अर्थिंग नसलं तर बोर्डावरची नाजूक आयसी उडू शकते, आणि माणसालाही झटका बसू शकतो. दुसऱ्याची भरपाई कुठल्याच वॉरंटीत नसते.

तर आता मुद्दा. पुण्याच्या बुधवार पेठेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत बसलेल्या कारागिराची गन जळाली तर तो चहा पिऊन येता येता नवा हीटर आणतो. मानवत-पाथरीच्या पोराने काय करायचं? पार्सल येईपर्यंत शटर अर्धं खाली. आणि हे दिवस कुठले असतात? तर पेरणीचे. विजा कडाडतात, स्टार्टरचे बोर्ड उडतात, सौर पंपाचे कंट्रोलर बंद पडतात, शेतकरी पिशवीत बोर्ड घेऊन दारात उभा. त्याला "मशीन बिघडलीय, चार दिवसांनी या" सांगितलं तर तो दुसरीकडे जातो, आणि आठवडी बाजारात ते चार जणांना सांगतो. तालुक्याच्या गावात नाव मिळवायला दोन वर्षं लागतात, घालवायला एक बाजार पुरतो.

म्हणून माझ्या लेखी मशीन निवडायची पहिली कसोटी वॅट नाही, ब्रँड नाही, डिस्प्ले तर नाहीच. हिचा हीटर, हिची मूठ, हिची बिट सुटी मिळते का, आणि ती बदलायला मला दुसऱ्याकडे जावं लागेल का, ही कसोटी. उत्तर समाधानकारक असेल तर दोन बिटी आणि गनचा एक हीटर पहिल्या दिवशीच कपाटात ठेवावा. त्यासाठी मशीन एक पायरी खालची घ्यावी लागली तरी हरकत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राईट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी, वस्तू फेकायला लावू नये, हा त्यामागचा विचार. तो मला मनापासून पटतो. पण जो दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करणार, त्याने आधी स्वतःचं हत्यार दुरुस्त होणारं घ्यायला नको का? दुरुस्तीवाल्याच्याच टेबलावर फेकून द्यायची मशीन असावी, हे काही बरोबर नाही.

असो. भाचेमंडळींनो, यादी सोपी आहे. चांगली आयर्न, दोन बिटी, चांगला फ्लक्स, खरं अर्थिंग, धूर बाहेर काढणारा एक छोटा पंखा. मग साधी गन, मग मोठी गन. आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवूनच जेवायला बसा, जुन्या डाखात शिसं असतं. ज्यांचं याहून वेगळं मत असेल त्यांनी जरूर सांगावं. विशेषतः ज्यांनी जोडमशीनवर पाच वर्षं दुकान चालवलंय त्यांनी. ऐकायला आवडेल.