गाडी जुनी, की जुनी केलेली?

वाराणसीला गेलेला मराठी माणूस विश्वनाथाचं दर्शन घेतो, घाटांवर फिरतो आणि सवड असली तर गंगेपलीकडे रामनगरच्या किल्ल्यावर जातो. काशीनरेश बलवंत सिंह यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या किल्ल्यात आता संग्रहालय आहे. तिथं पालख्या, हौदे आणि तलवारींच्या जोडीला राजघराण्याच्या जुन्या मोटारीही ठेवल्या आहेत. त्या कुणाच्या, कुठून आल्या, ही शंका तिथं येत नाही. पण जुनी दुर्मीळ गाडी बाजारात विकायला आली, की पहिला सवाल असतो: ही अस्सल कशावरून?

अमेरिकेत या सवालावर लाखोंचे व्यवहार अडतात. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीनं 'टेम्पेस्ट ले मान्स' या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं, ३२५ अश्वशक्तीचं दांडगं इंजिन बसवून 'जीटीओ' विकायला काढली. अशा गाड्यांना पुढे 'मसल कार' हे नाव पडलं. म्हणजे पैलवान गाड्याच! गंमत अशी, की १९६४ आणि १९६५मध्ये जीटीओ ही वेगळी गाडी नव्हती. जादा पैसे भरून घ्यायचा तो संच होता. त्यामुळे साध्या ले मान्सला नावाची पट्टी डकवली, इंजिन बदललं, की झाली जीटीओ! नुसत्या गाडीच्या नंबरावरून ही लबाडी पकडता येत नाही. १९६६पासून मात्र जीटीओचा नंबर २४२नं सुरू होऊ लागला.

म्हणून जाणकार रंग आणि क्रोमची चकाकी बघत बसत नाही. तो आधी चासीवरचा नंबर वाचतो, मग इंजिनावरचा. अंकांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा शोधतो. शेवटी कागद मागतो. पाँटिअॅकच्या कारखान्यातल्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत. पैसे भरले, की त्यांची प्रत मिळते. १९६४च्या जीटीओचा खरा साक्षीदार तोच कागद.

आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी. विलायती गाडीचे सुटे भाग मिळेनात, पेट्रोल परवडेना, तेव्हा आपल्या मेकॅनिकांनी कितीतरी गाड्यांत दुसरं डिझेल इंजिन चढवलं. ती फसवणूक नव्हती, गाडी चालती ठेवायची धडपड होती. फसवणूक होते ती हा बदल लपवून गाडी 'ओरिजिनल' म्हणून विकली तर.

२०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं किंवा देखभाल यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही.

तेव्हा आजोबांची गाडी शेडमध्ये उभी असेल, तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याला बोलावण्याआधी चासी आणि इंजिनाच्या नंबरांचे फोटो काढून ठेवा. जुनं आरसी बुक, कराच्या पावत्या, विम्याचे कागद रद्दीत घालू नका. इंजिन बदललेलं असेल, तर घेणाऱ्याला ते आधीच सांगा. उडालेला रंग पुन्हा देता येतो. एकदा घासून टाकलेला नंबर पुन्हा अस्सल होत नाही.