दुसरा टोल

या वीकेंडला जरा भांडणाचा विषय. स्पीडचं ई-चलान. आमच्या कॅन्टीनमध्ये हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "सगळी वसुली आहे रे, तिजोरी रिकामी झालीये." दुसरी म्हणते, "मग नियम पाळा ना, येणार नाही चलान." चहा संपेपर्यंत हेच, गोल गोल. पहिल्या पार्टीला दंडाचे पैसे कुठे जातात याची काळजी, दुसरीला दंड भरणारा चुकला की नाही याची. मला तिसराच प्रश्न पडतो. त्या चलानामुळे गाडी नेमकी कधी हळू झाली?

हे खुळ डोक्यात शिरलं ते बाबांमुळे. ते खुलताबादला असतात आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी नाशिककडे किंवा पुण्याकडे गाडी काढतात. मागे त्यांना दोन हजारांचं चलान आलं. कुठल्या रस्त्यावरचं ते जाऊ द्या. मेसेज आला तिसऱ्या आठवड्यात. फोटोत गाडी आपलीच, नंबर आपलाच, पण तिथे मर्यादा किती होती, बोर्ड कुठे होता, काही आठवेना. बाबांनी मुकाट्याने पैसे भरले आणि म्हणाले, "दुसरा टोल समजायचा." आता बाबा काही रेसर नाहीत. पण या वाक्याने मी अस्वस्थ झालो, कारण टोल भरल्यावर माणसाला रस्त्यावर हक्क मिळतो!

अर्थशास्त्रात यावर एक गाजलेला प्रयोग आहे. इस्रायलमधल्या हायफा शहरातली दहा पाळणाघरं. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे, म्हणून त्यातल्या काहींत उशिरासाठी छोटासा दंड लावला. झालं काय? उशीर वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी लोकांना बाईंसमोर उभं राहायची लाज वाटायची. आता पैसे मोजले, विषय संपला. ग्नीझी आणि रुस्टिचिनी या दोघांचा हा पेपर 2000 साली आला. "दुसरा टोल समजायचा" म्हणजे अगदी हेच की.

आता कोणी म्हणेल, पोरगं स्पीडच्या बाजूने बोलतंय. अजिबात नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं फिजिक्स आठवा. ताशी 100 वरून 120 वर गेलात तर वेग वाढला 20 टक्के, पण धडकेतली ऊर्जा वाढली 44 टक्के. आणि 100 किलोमीटरच्या टप्प्यात 120 ऐवजी 140 ने हाणलीत तर वाचतात जेमतेम सात मिनिटं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 15,224 एकट्या महाराष्ट्रात. देशातल्या या मृत्यूंपैकी 71 टक्के 'अतिवेग' या खात्यावर टाकलेले आहेत. हे खातं मात्र जरा बघूनच घ्यावं. अपघाताचा फॉर्म भरताना 'अतिवेग' लिहिणं सगळ्यात सोपं असतं. वळणाचा बोर्ड नव्हता, साइडपट्टी खचली होती, ट्रक लाइट न लावता उभा होता, हे लिहायला गेलं तर रस्त्याच्या मालकाला जाब द्यावा लागतो. 2019 च्या दुरुस्तीत कलम 198-अ आलं, सदोष रस्त्यासाठी कंत्राटदार आणि रस्ता खातं यांनाही एक लाखापर्यंत दंड करता येतो. तुमच्या ओळखीत कोणी बघितलाय असा दंड झालेला? असो.

आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. 15 ऑक्टोबर 2023, मध्यरात्रीनंतरची वेळ, वैजापूर तालुक्यात जांबरगावजवळ समृद्धी महामार्ग. सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी मिनी बस ट्रकवर मागून आदळली. 12 जण गेले, वीसहून जास्त जखमी. बसमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि वेगाचीही चर्चा झाली. पण तो ट्रक तिथे का होता? आरटीओच्या पथकाने तपासणीसाठी महामार्गावरच थांबवला, असा आरोप झाला. दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांवर गुन्हा दाखल होऊन त्यांना अटकही झाली. कोर्टात जे व्हायचं ते होईल. पण ज्या रस्त्यावर कारला 120 ची परवानगी आहे तिथे रात्री कुठलीही गाडी बाजूला घेणं म्हणजे काय, हे सांगायला निकालाची गरज नाही. त्या तीन-साडेतीन महिने आधी, 1 जुलैला, सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खाजगी बस पेटून 25 माणसं जळाली होती. त्यानंतर तपासणी वाढवा, तपासणी वाढवा म्हणून सगळीकडून आरडाओरड चालली होती. मीही त्यात होतो, आणि तपासणी हवी हे आजही म्हणेन. पण ती टोलनाक्यावर, उजेडात, चढायच्या आधी करायची.

आता पैशाचं. ही जर लूट असेल तर फारच गचाळ लूट आहे बुवा. 2019 पासूनच्या ई-चलानांचे दोन हजार कोटींहून जास्त रुपये राज्यात थकलेले होते. म्हणजे जो भरतो तो बाबांसारखा सरळमार्गी, मेसेज आला की घाबरणारा. ज्याच्या नावावर पंधरा-वीस चलानं साचली आहेत तो लोकअदालतीची वाट बघत आरामात फिरतोय. धोकादायक ड्रायव्हर नेमका हाच असतो, आणि त्याच्यापर्यंत यंत्रणा पोचतच नाही! महसूल म्हणून नापास आणि सुरक्षा म्हणूनही नापास. मग पास कशात? मोजण्यात. 'या महिन्यात इतकी चलानं' असा आकडा वर पाठवता येतो. आमच्या क्षेत्रात याला उत्तम जोड आहे. टेस्टरला बगच्या संख्येवर शाबासकी द्यायला लागा आणि बघा, बग वाढतात पण सॉफ्टवेअर आहे तिथेच राहतं.

खरं म्हणजे नियम तितका वाईट नाही. केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये 167-अ हा नियम आणला. त्यात कॅमेऱ्याला दरवर्षी प्रमाणपत्र हवं, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक बोर्ड हवा आणि नोटीस 15 दिवसांत पाठवायला हवी. (तिसरा आठवडा, बाबा!) बोर्डाची अट लिहिणाऱ्याला गोम कळलेली होती. बोर्ड वाचून ड्रायव्हरने पाय उचलला तर चलान बुडालं, पण वळण सुरक्षित झालं. आणि पुलाच्या मागे, झाडाआड गाडी लावून बसलं तर चलान मिळतं, पण ती कार त्याच वेगाने पुढच्या गावात घुसते. तिला कळतं तीन आठवड्यांनी.

ब्रिटनने हा घोळ आधीच घालून झालाय. तिथे 2000 सालापासून दंडाच्या पैशातून कॅमेऱ्यांचा खर्च भागवायची योजना होती. लोक भडकले, मग कॅमेरे पिवळेधमक रंगवून लांबून दिसतील असे केले, आणि 2007 मध्ये दंड आणि खर्च यांची ती सरळ जोडणीच तोडली. गंमत पुढे आहे. ऑक्सफर्डशायरने 2010 मध्ये पैसे नाहीत म्हणून कॅमेरे बंद केले, गाड्यांचा वेग वाढलेला दिसला आणि 2011 मध्ये ते परत चालू करावे लागले. तेव्हा कॅमेरा नको म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.

समृद्धीवर तर उत्तर टोलच्या सर्व्हरवरच पडलेलं आहे. चढताना वेळ नोंदली जाते, उतरताना अंतराप्रमाणे टोल कापला जातो. अंतर भागिले वेळ, संपला प्रोग्राम. पहिल्या सेमिस्टरचा पोरगा लिहील. 2023 मध्ये फार लवकर पोचणाऱ्यांना बाजूला घेऊन समुपदेशन करण्याचा प्रयोग तिथे झालाही होता. यात एक भोक आहे, मान्य. 150 ने जाऊन शेवटी साइडपट्टीवर अर्धा तास झोपा काढणारे महाभाग निघतील, आणि उभी गाडी किती घातक असते ते वर आलंच. म्हणून मध्ये मध्ये कमानी लागतील. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलै 2024 पासून तशी यंत्रणा आहे. डोक्यावर कमान दिसते, सरासरी वेग मोजला जातो, सगळ्यांचा सारखा. लपायचं कारणच नाही.

आणि आमच्या गावाकडे या. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणात शनिवारी संभाजीनगरहून भद्रा मारुतीला हजारो लोक चालत येतात. अंधार, दौलताबादचा घाट, पायात चपला नाहीत, बरोबर लहान मुलं. हनुमान जयंतीच्या रात्री पोलीस जड वाहनं दुसऱ्या रस्त्याने वळवतात, जागोजागी उभे राहतात, गाड्या रांगायला लावतात. त्या बंदोबस्तातून सरकारला काय मिळतं? उलट ओव्हरटाइमच पडत असेल. पण माणसं सुखरूप पोचावीत एवढाच हेतू असला की काय करायचं हे यंत्रणेला नीट ठाऊक असतं. (जुन्या रस्त्यावरचा दौलताबादचा दिल्ली दरवाजा तर बिनपगारी ट्रॅफिक हवालदार आहे. त्याच्यातून कोणाची टाप आहे 80 ने जायची!) वर्षाच्या बाकीच्या रात्रीही त्या घाटात कोणी ना कोणी चालतच असतं. शेतावरून परतणारं, दर्ग्याला आलेलं, बस चुकलेलं.

तर मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिलाय. प्रश्न तीनच. जिल्ह्यात स्पीड मोजणारी उपकरणं आणि गाड्या कुठल्या ठिकाणी लावल्या जातात, आणि त्या ठिकाणांच्या आधी बोर्ड आहेत का? त्या प्रत्येक ठिकाणी आधीच्या तीन वर्षांत किती अपघात झाले होते? आणि लावल्यानंतर किती झाले? चलानांची संख्या मुद्दामच विचारली नाही, ती ते न विचारता सांगतात :) दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलाय, सोमवारी टाकतो. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की इथे जसंच्या तसं टाकीन.